दारावरून मुकाट गेलेली फेरी

शिरूरच्या बाजारात हल्ली नोव्हेंबर सरायच्या आत लाल टोप्या लटकायला लागतात. मोबाईलच्या दुकानात, बेकरीत, हायवेलगतच्या इंग्लिश मीडियम शाळांच्या फाटकांवर, जिकडं बघावं तिकडं कापसाची दाढी लावलेला तो म्हातारा हसत उभा. मी माहेरी आले की ओळखीचे दुकानदार आवर्जून म्हणतात, "मॅडम, तुमचा सण आला!" मी मान डोलावते. मनात म्हणते, अहो, हा म्हातारा आमचा कुणी लागत नाही. माझा स्वभाव जरा तिखट आहे. घरचे म्हणतात, जरा कशाला, चांगलाच आहे. पण नाताळ म्हटलं की मला जे आठवतं त्यात ती टोपी कुठंच बसत नाही. त्यात दौंडची पहाटेची थंडी आहे, खळीचा वास आहे, आणि मुख्य म्हणजे माझी आई आहे.

माझं लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. बाबा मालगाडीवर गार्ड होते. गार्डाच्या घरी सण कॅलेंडरवर नाही, ड्युटीवर ठरतो. म्हणून बाबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आपसात एक सोय लावून घेतली होती. दिवाळीत त्यांच्या ड्युट्या बाबा करायचे आणि नाताळात बाबांच्या ते. सगळी कॉलनी फटाके उडवत असायची तेव्हा आमचे बाबा सोलापूरच्या वाटेवर कुठंतरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात कंदील घेऊन बसलेले असायचे. पण नाताळचा आठवडा ते घरी म्हणजे घरी. मला तेव्हा वाटायचं, सगळ्याच धर्मांची माणसं एकमेकांचे सण असेच सांभाळतात. अजूनही वाटतं, पण आता जरा दबकत.

नाताळची चांदणी बाबा घरीच करायचे. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ. इतकी वर्षं केली, पण एकदाही ती सारखी झाली नाही. एक टोक हटकून लांब. आई कमरेवर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "ही चांदणी हाय का शेपटीचा इंचू?" बाबा म्हणायचे, "वाट दाखवायला एक टोक लांबच लागतं." मग तो इंचू दारावर चढायचा, आत दिवा लागायचा, आणि आमच्या ओळीतल्या तीन-चार ख्रिस्ती घरांपुढं लाल-पिवळा उजेड पडायचा.

फराळ तोच, जो शेजारच्या घरांत दिवाळीत व्हायचा. करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा. वेगळी फक्त नानकटाई. मैदा, तूप, साखर डब्यात घालून आम्ही बेकरीच्या भट्टीवर जायचो आणि आपला नंबर येईपर्यंत तिथल्या उबेला बसून राहायचो. एका वर्षी आमचा डबा दुसऱ्याच बाईच्या घरी गेला आणि तिची करपलेली नानकटाई आमच्याकडं आली. आई त्या बाईला पुढं ईस्टरपर्यंत सलाम करत नव्हती. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात, त्यामुळं सलाम न करणं ही चांगली जोरदार शिक्षा असते. ती बाई देवळात आमच्याच पुढच्या बाकावर बसायची. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. आई तिच्या मानेकडं बघत क्षमेवरचा उपदेश ऐकायची, आणि बाबा तोंडावर रुमाल धरून हसायचे.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे फेरी. नाताळच्या आधीच्या आठवड्यात पहाटे देवळातून सगळी मंडळी निघायची. कानटोप्या, मफलर, शाली. भीमेवरून धुकं आलेलं, यार्डात कुठंतरी डबे जोडल्याचा आवाज. ख्रिस्ती घर आलं की थांबायचं, येशूच्या जन्माचं एक गाणं म्हणायचं, पाळकसाहेबांनी प्रार्थना करायची, चहा घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचं. चाली आपल्याच मातीतल्या, भजनाच्या. ढोलकी बाबांकडं आणि गाणं उचलणं आईकडं. आई घोड नदीकाठची, इनामगावच्या पलीकडच्या खेड्यातली. तिचा आवाज जाडसर आणि मोकळा होता, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय असलेला. बाजाच्या पेटीशी त्याचं कधी जमलं नाही. बाबा म्हणायचे, "तुझ्या आईचा सूर सिग्नल न बघता सुटतो." तरी पहिली ओळ आईनं उचलल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मी मागं चालायचे आणि नुसते ओठ हलवायचे. मला गाता येत नाही, आणि खरं सांगायचं तर विश्वासाच्या बाबतीतही माझं तेच होतं. आईचा इतका होता की घरातल्या सगळ्यांना पुरायचा. मी आपली तिच्या जिवावर ख्रिस्ती.

फेरीचा एक नियम होता आणि त्या बाबतीत बाबा फार कडक होते. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल, त्या दारात गाणं म्हणायचं नाही. घर जवळ आलं की बाबा ढोलकीवर पालथा हात ठेवायचे. सगळे गप्प. फाटकापाशी टोप्या काढून जरा वेळ माना खाली घालायच्या आणि मुकाट पुढं जायचं. एकदा मी विचारलं, असं का. बाबा म्हणाले, "दुःखातल्या माणसाला ढोलकी सोसत नाही, बाळ. त्याचा मान राखावा." मला ते फार मोठं वाटलं होतं. पंचवीस-तीस माणसं एका बंद दारासाठी आपला आवाज आवरतात, याचा अभिमानच वाटला होता.

निवृत्त झाल्यावर बाबांनी शिरूरला लहानसं घर बांधलं. ते मूळचे तिथलेच. मी लग्न होऊन दौंडलाच राहिले, तिथंच शाळेत शिकवते. नाताळ आला की चौफुला-न्हावरा रस्त्यानं एसटीत बसून शिरूरला यायचं, हे ठरलेलं. शिरूरच्या मंडळीत बाबा आले आणि तिथल्या फेरीला ढोलकी मिळाली, आईचा आवाज मिळाला, आणि बाबांचा तो नियमही मिळाला. त्याआधी तिथं असा नियम नव्हता. शेवटी शेवटी बाबांना चालवत नसे, तरी ते एका तरुण पोराच्या गाडीवर मागं बसून फेरीत यायचे आणि घर आलं की खाली उतरून ढोलकी घ्यायचे.

परवाच्या उन्हाळ्यात बाबा गेले. दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत.

आई त्या दिवशी रडली, पुरताना रडली आणि नंतर थांबली. रविवारी देवळात जायची वेळ झाली तर म्हणाली, "तू जा. मी न्हाई येत." पुढच्या रविवारीही तेच. मला वाटलं, होईल हळूहळू. पण पावसाळा गेला तरी तिची ती जागा रिकामीच. घरात सकाळची प्रार्थना बंद. पवित्र शास्त्र कपाटात. मी एकदा धीर करून विचारलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "देवाशी मी सध्या बोलत न्हाई." इतक्या साधेपणानं म्हणाली की मला आधी हसू आलं, आणि मग कळलं, ती खरंच सांगतेय. पाळकसाहेब भेटायला यायचे. तरुण आहेत, भले आहेत. आई त्यांना चहा द्यायची आणि कांद्याच्या भावावर बोलत राहायची. ते बिचारे प्रार्थनेसाठी डोळे मिटायचे आणि आई उठून कपबशा विसळायला जायची.

मी घाबरले होते. बाबा गेल्याचं दुःख एकीकडं. पण तिचा विश्वास विझला तर मी काय करणार होते? माझ्याजवळ स्वतःचं असं काही नव्हतंच. इतकी वर्षं मी तिच्या उबेला बसले होते.

डिसेंबर आला. दारावर चांदणी लागली नाही. दुखवट्याच्या घरी लावत नाहीत. तळणही करत नाहीत. मी सुट्टी काढून आले त्याच संध्याकाळी शेजारच्या मामी मोठा डबा घेऊन आल्या. त्यांचं नदीकडं शेत आहे, शेवंती आणि भाजीपाला करतात. डब्यात करंज्या होत्या आणि चिवडा होता.

"वैनी, तुमच्यात यंदा तळायचं न्हाई ना? म्हणून आणलं," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाई गेल्या तवा दिवाळीला तुम्हीच आमच्या घरी डबा घिऊन आला व्हता. मी इसरले न्हाई."

आईनं करंजी मोडली, अर्धी खाल्ली आणि म्हणाली, "खसखस जास्त झालीय." मामी जोरात हसल्या. "हां, आता माझ्या वैनी दिसाय लागल्या!" आईच्याही ओठांच्या कडा हलल्या. त्या गेल्यावर तिनं उरलेली अर्धी करंजी खाल्ली आणि बराच वेळ डब्याच्या झाकणावरून हात फिरवत बसली.

फेरीचा शेवटचा दिवस आमच्या गल्लीचा असतो. त्या पहाटे मला जाग आली ती स्टोव्हच्या आवाजानं. गॅस असला तरी जास्त माणसांचा चहा आई अजून स्टोव्हवरच करते. मी स्वयंपाकघरात गेले. स्टोव्हवर मोठं पातेलं, लग्नाकार्याचं. बाजूला फडक्यावर कप पालथे घातलेले. आईची अंघोळ झाली होती. अंगावर इस्त्रीची पांढरी साडी, डोईवर पदर.

"आई, एवढा चहा? आपण दोघीच तर आहोत."

"असू दे," ती म्हणाली.

ती बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. दिवा लावला नाही. मला वाटलं, तिचं कुठं लक्ष नाही. सवयीनं उठली असेल, सवयीनं पातेलं चढवलं असेल. त्या वर्षी आमचं दार वगळणार हे मला माहीत होतं. पाळकसाहेबांनी आदल्या दिवशी देवळाच्या आवारात मला बाजूला घेऊन तसं सांगितलं होतं. मला ते बरोबरच वाटलं. ज्यांनी नियम घातला त्यांच्याच घरी तो नाही पाळायचा तर कुठं पाळायचा? आईला निराळं सांगायची गरज वाटली नाही. नियम तिच्यासमोरच तर इतकी वर्षं चालला होता.

लांबून ढोलकी ऐकू आली. मग झांज, मग माणसांचा आवाज. कोपऱ्यावरच्या घरी गाणं झालं, प्रार्थना झाली, हसणं ऐकू आलं. आई खुर्चीत सरळ झाली. मंडळी आमच्याकडं वळली. पावलं जवळ आली.

आणि ढोलकी थांबली.

मी खिडकीतून बघत होते. फाटकासमोर सगळे उभे होते. टोप्या हातात, माना खाली. पाळकसाहेब सगळ्यांच्या पुढं. मला भरून आलं. वाटलं, बाबा, बघा, तुम्ही शिकवलेलं हे लोक विसरले नाहीत. मग पावलं हलली आणि मंडळी मुकाट पुढं निघाली.

मी वळून आईकडं बघितलं. तिच्या तोंडावर जे होतं ते मी कधीच बघितलं नव्हतं, बाबा गेले त्या दिवशीसुद्धा नाही. आपल्याला घेतल्याशिवाय जत्रेची गाडी निघून गेल्यावर लहान मुलाचं तोंड होतं तसं झालं होतं. ती उठली. कडी काढली, आणि पायात काही न घालता फाटक उघडून रस्त्यावर गेली.

"थांबा!" ती ओरडली. तोच आवाज, ह्या बांधावरून त्या बांधावर जाणारा. "पाळकसाहेब, माझं दार का चुकवलं?"

सगळे जागच्या जागी थांबले. पाळकसाहेब लगबगीनं मागं आले. "काकू, चुकवलं नाही. तुमचं दुःख... आम्ही मान राखला. काकांचाच नियम आहे ना तो."

"त्यांचा हाय, मला म्हाईत हाय. त्यांनी नियम केला तवा त्यांच्या घरात कुणी मेलं नव्हतं."

मी तिच्यामागं धावले होते. "आई, आत चल," असं म्हणून तिचा हात धरायला गेले. तिनं हात झटकला.

"मी देवाशी बोलत न्हाई," ती त्यांना म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "रागावलेय मी त्याच्यावर. अजून बी रागावलेय. पर मला वाटलं, मी न्हाई गेले त्याच्या दारी तर त्यो येईल माझ्या दारी. नाताळ म्हंजी त्येच ना? त्यो येतो, आपण जायला पायजे असं न्हाई. म्हणून अंघोळ करून बसले व्हते. चहा टाकला. आन् तुम्ही त्याला घिऊन माझ्या दारावरनं मुकाट पुढं निघालात."

ढोलकीवाला पोरगा ढोलकीच्या दोऱ्यांकडं बघत होता.

"येशू जन्मला त्या राती मेंढरं राखणारी माणसं अंधारात बसली व्हती म्हणून तर देवदूत तिथं गेला," आई म्हणाली. "ज्याच्या घरात झगमगाट हाय त्याला कशाला सांगायचं उजाडलं म्हणून? ज्याच्या घरात दिवा न्हाई, ते दार तुम्ही सोडता. कसली फेरी ही?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली होती. त्यांनी वर बघितलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "काकू, आत जा. उंबऱ्यात उभ्या राहा. आम्ही येतो."

आई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. मंडळी अंगणात आली. ढोलकीवर थाप पडली आणि मग सगळे घुटमळले, कारण इतकी वर्षं गाणं उचलणारी बाईच समोर उंबऱ्यात उभी होती आणि तिच्यापुढं पहिली ओळ घ्यायला कुणी धजेना. पाळकसाहेबांनीच पहिली ओळ घेतली, जरा वरच्या पट्टीत, आणि सगळ्यांचे गळे ताणले गेले. आईनं दाराची चौकट धरली. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या दारात गाणं म्हटलं होतं. कुणीतरी तिच्यासाठी म्हणतंय आणि ती नुसती ऐकतेय, असं कधी झालंच नव्हतं. ती रडली. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. मी तिच्या पाठीशी उभी राहून रडले. आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. किती महिन्यांत असं वाटलं नव्हतं.

प्रार्थनेच्या वेळी ती कपबशांकडं गेली नाही. डोळे मिटून उभी राहिली. तिनं काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चहा झाला. मामींच्या करंज्या संपल्या. मंडळी निघायला लागली तेव्हा आईनं पाळकसाहेबांना विचारलं, "या साली आणखी कुणाचं दार सोडलंत?"

"स्टँडमागचं, काकू. ते नवरा-बायको, ज्यांची कॉलेजातली लेक आजारात गेली. ते कुणाशीच बोलत नाहीत. दारही उघडत नाहीत."

आईनं चपला घातल्या. शाल घेतली. मला म्हणाली, "कडी लाव आन् चल."

उजाडायला लागलं होतं. स्टँडवर पहिल्या गाड्या उभ्या होत्या, रांजणगावच्या कारखान्यांचे कामगार बसची वाट बघत होते. त्यांच्यामधून आमची मंडळी त्या बोळात शिरली. दार बंद होतं, खिडकीला पडदा. आईनं ढोलकीवाल्या पोराच्या हातावर हात ठेवला. "वाजव, पर हळू." मग तिनं पहिली ओळ उचलली. आवाज चिरका लागला. दुसरी ओळ तिला येईना. हुंदका आडवा आला. सगळे तिच्याकडं बघत थांबले होते. ती ओळ मी म्हटली. माझ्या बेसूर गळ्यातून, पहिल्यांदा मोठ्यानं. मग सगळ्यांनी धरली.

पूर्ण गाणं झालं. पडदा हलला नाही. दार उघडलं नाही. पाळकसाहेबांनी हलक्या आवाजात प्रार्थना केली आणि आईच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "चला काकू. त्यांनी ऐकलं असेल."

"ऐकलं आसंल," आई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्या बंद दाराला सलाम केला. "उद्या परत यीन."

"काकू, फेरी आज संपली."

"तुमची संपली आसंल," आई म्हणाली. "मी यीन."